उपचाराचा मजला

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. कामच तसं होतं. आरोग्य खात्याकडे एखादा नवा उपचार आला, की तो खरंच लागू पडतो का हे ठरवायला त्यावर झालेले सगळे अभ्यास गोळा करायचे, कच्चे बाजूला काढायचे, पक्के ठेवायचे आणि उरलेल्यांचा मिळून एकच निकाल मांडायचा. याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. नाव भारदस्त, पण मुद्दा साधा आहे. वीस माणसांच्या अभ्यासाचं म्हणणं थोडं ऐकायचं, तीनशे माणसांच्या अभ्यासाचं जास्त ऐकायचं, आणि कुणा एकाच्या मेव्हण्याला गुण आला असेल तर त्याचं अभिनंदन करून त्याला बाहेर पाठवायचं. असा मेव्हणा कुणी काढलाच, तर चाळणीबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही." हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकवलं होतं, की साहेब हल्ली तिच्या आधीच ते म्हणून मोकळे व्हायचे.

या खेपेला टेबलावर आला होता लिफ्टच्या भीतीवरचा उपचार. हसू नका. शहरात जिकडे बघावं तिकडे दहा-दहा मजले उभे राहिलेत, आणि लिफ्टचं दार उघडलं तरी ज्यांचा पाय आत पडत नाही अशी माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. उपचार असा, की दहा बैठका घ्यायच्या, डोळे मिटायचे, लिफ्ट मनात आणायची, श्वास मोजायचा, पायरीपायरीने भीती कमी करायची. यावर चौदा अभ्यास झाले होते. खात्याने तो सगळ्या दवाखान्यांत चालू ठेवायचा की बंद करायचा, हे चाळणीबाईच्या निकालावर ठरणार होतं. साहेबांना निकाल शुक्रवारपर्यंत हवा होता, आणि तोही एका वाक्यात. साहेबांना सगळंच एका वाक्यात हवं असायचं.

आता गंमत बघा. चाळणीबाईच्या घरीच लिफ्टचा पेशंट होता. तिचे बाबा. आणि हे बाबा कोण, तर लिफ्ट-मेकॅनिक. एकतीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं, आणि प्रत्येकाला बाहेरून ओरडून सांगितलं, "घाबरू नका, काही होत नाही!" निवृत्त झाल्यावर अकरा महिन्यांपूर्वी ते स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे तीन तास अडकले. बाहेरून कुणीतरी कोवळा मेकॅनिक ओरडत होता, "काका, घाबरू नका, काही होत नाही!" त्या दिवसापासून बाबा सातव्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते. जिना उतरायचा म्हटलं तर दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लिफ्टचं नाव काढलं की म्हणायचे, "तिचा आवाज बरोबर नाही." नव्या कंपनीने तीनदा तपासून दिली, तरी यांचं आपलं तेच.

खाली उतरले नाहीत तर बिघडलं काय, असं म्हणाल. बिघडलं होतं. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर आत्या राहायची, बाबांची थोरली बहीण. वय एकोणऐंशी, चाकाच्या खुर्चीवर, पण जीभ तरतरीत. ती रस्ता ओलांडून यायची, पण या जुन्या लिफ्टच्या दारातून तिची खुर्ची आत जात नव्हती. बाबांनी स्वतः टेप लावून मोजलं होतं, दार चार बोटं कमी पडत होतं. त्यामुळे रोज सकाळी आत्या आपल्या दारात, बाबा सातव्या मजल्याच्या गॅलरीत, आणि दोघांच्या कानाला फोन. एकाहत्तर वर्षांच्या भावाला ती अजून बारक्या म्हणायची.

"बारक्या, मला तू मुंगीएवढा दिसतोस."

"तू पण काही हत्तीएवढी नाही दिसत, अक्का."

"परवा मला चक्कर आली होती. मी मरायच्या आत खाली ये. नंतर आलास तर मी काही बोलणार नाही."

बाबा हसायचे, फोन ठेवायचे आणि मग अर्धा तास गॅलरीतून हलायचे नाहीत. चाळणीबाईने हे अकरा महिने पाहिलं होतं, आणि तिचा जीव तुटायचा.

त्या उपचाराच्या प्रतीक्षा यादीत बाबांचं नाव तेविसावं होतं. ज्यांना खालीच उतरता येत नाही, त्यांच्याकडे पहिल्या काही बैठकांना उपचार करणाऱ्या बाई घरी येत. महिनाभरात बाबांची पाळी लागणार होती. म्हणजे निकाल चांगला आला तर. वाईट आला तर यादीच गुंडाळली जाणार. हे लक्षात आलं त्या दिवशीच चाळणीबाई सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "साहेब, या कामात माझा हितसंबंध आहे. माझे वडील यादीत आहेत."

साहेबांनी फाइलमधून डोकं वर काढलं. "बाई, वडील सगळ्यांनाच असतात. शुक्रवारपर्यंत द्या."

आता तिच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. अभ्यास पक्का की कच्चा हे ठरवताना ती त्याच्या निकालाच्या पानांवर खाकी कागद लावून क्लिपा मारायची. निकाल दिसला की माणूस लबाडी करतो, मनासारखा असेल तर चुका पोटात घालतो, नसेल तर भिंग घेऊन बसतो. म्हणून आधी डोळे झाकून मार्क द्यायचे, मग कागद काढायचा. चौदाच्या चौदा अभ्यास तिने असेच तपासले, चौदाही पास केले, आणि बुधवारी सकाळी खाकी कागद काढून आकडे कॉम्प्युटरवर चढवले.

पडद्यावर चित्र आलं. मधोमध शून्याची उभी रेघ. उजवीकडे उपचार कामाचा, डावीकडे बिनकामाचा. प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका, ठिपक्याला दोन्हीकडे मिशा. मिशा जितक्या लांब, तितकी त्या अभ्यासाला स्वतःचीच खात्री कमी. आणि सगळ्यात खाली, पत्त्यांमधल्या चौकटच्या आकाराचा, सगळ्यांचा मिळून निकाल. ही चौकट रेघेपासून लांब राहिली तर उपचार पास. रेघेला शिवली तर खातं हात वर करणार.

चौकट रेघेला शिवत होती. अगदी नखभर.

आणि हे कारस्थान कुणाचं होतं तेही लख्ख दिसत होतं. अकरा नंबरचा अभ्यास! बाकीचे तेरा ठिपके कमी-जास्त उजवीकडे, आणि हा एकटा पठ्ठ्या डावीकडे जाऊन बसलेला. वर मोठा, तोऱ्यात, आखूड मिशांचा. त्यात उपचार घेतलेल्यांची भीती जेमतेम कमी झाली होती, आणि ज्यांना नुसतं यादीत ताटकळत ठेवलं होतं, त्यांची भीती जवळजवळ पळाली होती. वाट बघून लोक बरे झाले! चाळणीबाईने अकरा नंबर काढून पाहिला. चौकट टुणकन उजवीकडे सरकली. परत घातला, परत रेघेवर. काढला, घातला. असं तिने सहा वेळा केलं, आणि सातव्यांदा हात माऊसवर गेला तेव्हा स्वतःलाच म्हणाली, "लाज वाटू दे जरा."

पण लाज वाटली तरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस पकडून दोन तासांवरच्या त्या दवाखान्यात गेली, जिथे अकरा नंबरचा अभ्यास झाला होता. चूक शोधायलाच गेली होती, ते काही लपवण्यात अर्थ नाही.

अभ्यास केलेल्या मानसोपचारवाल्या बाई भल्या होत्या. तळमजल्यावरची उपचाराची खोली त्यांनी कौतुकाने दाखवली. गालिचा, मऊ खुर्च्या, भिंतीला फिकट निळा रंग. "इथे येऊन लोक डोळे मिटून लिफ्टची कल्पना करायचे. फॉर्मही इथेच भरायचे. एक पेशंट तर घोरायला लागायचे," त्या म्हणाल्या.

"आणि यादीतले?"

"त्यांना काहीच उपचार नाही. नियमच तो. फक्त दर बुधवारी येऊन फॉर्म भरून जायचे. ते वर कारकूनबाईंकडे."

"वर म्हणजे?"

"पाचव्या मजल्यावर."

चाळणीबाई तडक लिफ्टकडे गेली. तिने पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.

कारकूनबाई अजून त्याच टेबलाशी होत्या, आणि त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. "अहो, त्या वेळी जिन्याची दुरुस्ती चालली होती. खाली फळी ठोकलेली. पहिल्या बुधवारी तासभर सगळे खालीच उभे. शिपाई म्हणाला, फॉर्म खाली नेतो. मी म्हटलं, मुळीच नाही! सही माझ्यासमोर झाली पाहिजे, तसं लिहूनच दिलंय मला. मग काय करतात बिचारे? चौघं-चौघं हात धरून आत शिरले. एक जण मजले मोठ्याने मोजत होता. वर आले तेव्हा पांढरेफटक पडलेले. मी पाणी दिलं. पुढच्या बुधवारी परत. दहा बुधवार होत आले तेव्हा तर फॉर्म भरून झाल्यावर तासभर इथेच गप्पा ठोकत बसायचे. हाकलावं लागायचं."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

आता कुणाची कीव करावी सांगा. लिफ्टला भिणाऱ्या माणसांवर मोठा अभ्यास केला, आणि ज्यांना उपचार द्यायचा त्यांना तळमजल्यावर गालिच्यावर निजवलं, ज्यांना द्यायचा नाही त्यांना दहा आठवडे लिफ्टने वर-खाली केलं! चाळणीबाई परतीच्या बसमध्ये एकटीच खिदळत होती. शेजारचा प्रवासी उठून दुसऱ्या सीटवर गेला. अकरा नंबर बाद करायला आता सज्जड कारण होतं. तिच्याच नियमात लिहिलेलं होतं, की यादीतल्यांना कसलाही उपचार मिळालेला नसावा.

पण घर जवळ आलं तसं हसू मावळलं. हे कारण तिला सापडलं कसं? अकरा नंबरवर ती चिडली होती म्हणून. बाकीचे तेरा मनासारखे होते, तर त्यांच्या दारात ती गेली होती का? नाही. खाकी कागद लावणारी बाई, आणि मनासारखं नाही म्हटल्यावर भिंग घेऊन धावली. विचारायचं तर सगळ्यांना विचारायला हवं होतं, आणि तेही ज्याला निकाल माहीत नाही अशा माणसाने.

असा माणूस ऑफिसात एकच होता. साहेबांनी चौदापैकी एकही अभ्यास उघडून पाहिलेला नव्हता. त्यांच्याइतका निष्पक्ष माणूस शोधून सापडला नसता.

"मी फोन करू?" साहेब म्हणाले. "आणि विचारू काय?"

"उपचार कितव्या मजल्यावर झाला आणि फॉर्म कितव्या मजल्यावर भरले. बस. दुसरं काही बोलू नका."

साहेबांनी शुक्रवारी सकाळभर फोन केले. आधी कुरकुरत, मग रंगात येऊन. "हॅलो, आरोग्य खात्यातून बोलतोय. तुमचा मजला कोणता? नाही हो, चेष्टा नाही. जिना चालू होता का?" दुपारी त्यांनी चाळणीबाईसमोर कागद ठेवला. तिने मजले आकड्यांशेजारी मांडले आणि दोनदा ताडून पाहिले. जिथे उपचाराची खोली वरच्या मजल्यावर, तिथे गुण भरपूर. जिथे तळमजल्यावर, तिथे जेमतेम. डोळे मिटून काय केलं याने फारसा फरक पडत नव्हता. लिफ्टमध्ये पाय घातला की नाही, यावर सगळं होतं. निदान दिसत तरी तसंच होतं. चौदा अभ्यासांवर यापेक्षा मोठ्याने बोलायला ती तयार नव्हती.

तिने दोन्ही चित्रं दिली, अकरा नंबरसकट आणि त्याच्याशिवाय, आणि मजल्यांचा तक्ता जोडला. साहेबांसाठी एक वाक्य लिहिलं. 'उपचार लागू पडतो असे दिसते, मात्र बहुधा वरच्या मजल्यावर.'

समितीने ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं म्हणे. एका सदस्याने विचारलं, की मग उपचाराऐवजी इमारतींना मान्यता द्यायची का. शेवटी ठरलं, की आणखी अभ्यास हवा, आणि तोवर सगळ्या याद्या थांबवाव्यात. म्हणजे तेविसावा नंबरही थांबला.

घरी येऊन तिने बाबांना सगळं सांगितलं. अकरा नंबर गुपचूप काढला असता तर महिनाभरात पाळी आली असती, हेही सांगितलं. बाबा कारकूनबाईंच्या गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"बरं केलंस," म्हणाले. "चुकीची नोंद करून चालवलेली लिफ्ट मी कधी कुणाला वापरू दिली नाही."

"पण आता तुमचं काय, बाबा?"

"त्या बाईंनी फॉर्म खाली पाठवला नाही, हे मला आवडलं," बाबा एवढंच म्हणाले.

चाळणीबाई रात्रभर त्यावर विचार करत राहिली नाही. तिला दोन मिनिटं पुरली. तिने ऑफिसातला तोच फॉर्म छापून आणला, चौदाही अभ्यासांत वापरलेला, आणि नेऊन दिला आत्याच्या हातात. दुसऱ्या सकाळी गॅलरीत फोन वाजला.

"बारक्या, तुझा फॉर्म माझ्याकडे आहे. दर बुधवारी मी तुमच्या लिफ्टसमोर खुर्ची लावून बसणार. सही माझ्यासमोर झाली पाहिजे. वर पाठवायचा नियम नाही."

"अक्का, तू काय कारकून झालीस?"

"झाले! उशीर केलास तर गैरहजेरी मांडीन."

एकतीस वर्षं लिफ्टच्या नोंदवहीत एक दिवस रिकामा न सोडलेला माणूस तो. गैरहजेरी हा शब्द त्यांना झोंबला. पहिल्या बुधवारी ते लिफ्टच्या दारापर्यंत गेले, आवाज बरोबर नाही म्हणाले आणि परत फिरले. दुसऱ्या बुधवारी आत पाय ठेवला, दार उघडंच ठेवून. तिसऱ्या बुधवारी सहाव्या मजल्यापर्यंत गेले आणि तिथे शेजाऱ्यांच्या दारात घामाघूम होऊन बसले. खाली आत्या प्रत्येक वेळी दोन तास बसून राहिली आणि फॉर्मवर ठसठशीत अक्षरात 'गैरहजर' लिहून गेली.

चौथ्या बुधवारी दार बंद झालं. बाबांनी चाळणीबाईचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बोटं उमटली. ती मोठ्याने मजले मोजत होती. चौथ्या-पाचव्याच्या मधे बाबांनी डोळे मिटले नाहीत, उलट कान टवकारून ऐकत राहिले. तळमजला आला. दार उघडलं. समोर आत्या, मांडीवर फॉर्म, तोंड उघडं.

बाबा बाहेर पडलेच नाहीत. ते म्हणाले, "अक्का, एका फेरीवरून काही सिद्ध होत नाही," आणि सातचं बटण दाबलं.

"अरे बारक्या! मेल्या!" हा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला.

दुरुस्तीनंतर तीन फेऱ्या मारायच्या, असा त्यांचा जन्माचा नियम. तिसऱ्या फेरीला ते बाहेर आले, भिंत धरत धरत बाकापर्यंत गेले आणि बसले. आत्याने आधी त्यांचा कान पिरगाळला, मग तोच हात त्यांच्या गालावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग आत्याने फॉर्म पुढे केला. बाबांनी खिशातला पेन काढला, प्रश्न वाचला, आकडा लिहिला, सही केली.

चाळणीबाईने फॉर्म घेतला. प्रश्न होता, 'लिफ्टची किती भीती वाटते? शून्य ते दहा.' बाबांनी लिहिलं होतं, नऊ.

"बाबा, यादीत नाव घातलं तेव्हाही तुम्ही नऊच लिहिले होते!"

"होते ना."

"म्हणजे काहीच फरक नाही?"

"भीती किती ते विचारलंय. ती होती तेवढीच आहे, खोटं कशाला लिहू?" बाबा म्हणाले. "खाली आलो का, ते कुठे विचारलंय?"

चाळणीबाईने फॉर्म उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. चौदा अभ्यास, अकराशे माणसं, चौदाही ठिकाणी हाच फॉर्म, आणि खरंच कुठेही विचारलं नव्हतं. खाकी कागद लावून तिने मार्क दिले होते, साहेबांना फोनवर बसवलं होतं, आणि हे तिच्या डोळ्यांखालून निसटलं होतं. तिच्या तक्त्यात हा माणूस 'गुण नाही' या रकान्यात गेला असता, आणि तो इथे बहिणीचा हात गालावर घेऊन तळमजल्यावर बसला होता.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला पाठ होतं. तरी ती त्या एका माणसाशेजारी बाकावर बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.

"अगं रडतेस काय," बाबा म्हणाले. "मला अजून परत वर जायचंय."